पेट्रोल भरल्यावर अडणारी मोटार

माल घेऊन बाजारास निघालेली मोटार एरव्हीं चटकन् चालू होते, पण टाकी भरतांच पंपावर अडून बसते. अशा वेळीं बॅटरी बदलण्याचा खर्च आमच्या मतें बहुधा व्यर्थ होय. टाकींतील पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यांत सांठते व एका विजेच्या झडपेवाटें इंजिनांत जळावयास जाते. ही झडप उघडीच अडकली म्हणजे भरतेवेळीं उठलेली वाफ इंजिनांत शिरून मिश्रण फाजील दाट होतें. तूर्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन फिरवावें. चालू होतांच पाय उचलावा. घरीं परीक्षा करावी: थंड इंजिन चालू करून झडपेची डब्याकडील नळी काढावी व झडपेच्या तोंडाशीं बोट धरावें. ओढ लागल्यास झडप बदलावी. पंपाची नळी आपोआप थांबल्यावर आणखी पेट्रोल भरवूं नये. तें डब्यांत शिरून कोळसा बिघडवितें, हें आम्ही वाचकांस आग्रहानें सांगतों.