योनिमार्गीय स्त्रीमदजन चिकित्सा
ऋतुनिवृत्तीनंतर योनिमार्गात उद्‌भवणाऱ्या विकारांवर स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) या हॉर्मोनाचा अल्प मात्रेत केलेला स्थानिक वापर. अंडकोशांतून होणारे या हॉर्मोनाचे स्रवण घटले की योनिमार्गाचा अधिस्तर पातळ होतो, त्यातील ग्लायकोजेन कमी होते आणि त्यावर वाढणारे लॅक्टोबॅसिलस जंतू उणावून तेथील अम्लता घटते. परिणामी कोरडेपणा, आग, समागमाच्या वेळी वेदना व मूत्रमार्गाची वारंवार संक्रामणे होतात. अंगातून वाफा निघण्याचा त्रास बहुधा कालांतराने ओसरतो. हा मात्र उपचाराविना वाढत जातो. संकोचामुळे पुष्कळ स्त्रिया तो सांगत नाहीत व वैद्यही विचारीत नाहीत.

औषध मलम, गोळी किंवा कडे या रूपांत योनिमार्गात ठेवतात. एस्ट्रॅडिऑलाची १० मायक्रोग्रॅमची गोळी प्रथम दोन आठवडे रोज व पुढे आठवड्यातून दोनदा वापरतात. गुण येण्यास काही आठवडे लागतात. औषध थांबविल्यास लक्षणे बहुधा परततात. रक्तातील पातळी फारशी वाढत नसल्याने प्रोजेस्टेरॉनाची जोड सहसा लागत नाही. त्याच कारणाने वाफा किंवा अस्थींची झीज यांवर हा उपचार निरुपयोगी ठरतो.

अमेरिकेत २००२ मध्ये संयुक्त हॉर्मोनांची एक मोठी चाचणी स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळल्याने थांबविण्यात आली. ती पोटात घ्यावयाच्या गोळ्यांची होती. तरी तिची भीती स्थानिक उपचारालाही विनाकारण चिकटली. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीस मात्र प्रथम हॉर्मोनविरहित वंगणे देतात. ऋतुनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास उपचारापूर्वी त्याचे कारण शोधणे अवश्य असते.