उष्णता-विनिमयकावरील दाब-विमोचक झडप
उष्णता-विनिमयकाच्या कवचातील वा नळ्यांतील दाब ठराविक मर्यादेवर जाताच आपोआप उघडून आतील द्रायू (द्रव वा वायू) बाहेर सोडणारी व दाब उतरताच मिटणारी झडप. घरगुती प्रेशर कुकरवरील शिटीचे तत्त्व साधारणपणे हेच होय. नेहमीच्या वापरात या झडपेवर फारसा भार येत नाही. तिचे आकारमान बहुधा बाहेरील आगीच्या प्रसंगावरून ठरते.

पालघर जिल्ह्याचा जव्हार-मोखाडा हा पूर्वभाग डोंगराळ असून रासायनिक कारखाने मुख्यत्वे पश्चिमेकडील तारापूर औद्योगिक वसाहतीत एकवटले आहेत. अशा कारखान्यांत वापरलेले ज्वालाग्राही विद्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवितात. त्यासाठी लागणारे संघनक व पुनःउत्कलक हे उष्णता-विनिमयकच होत. एखाद्या जोडणीतून विद्रावक गळून जमिनीवर पेटला, की ज्वाला कवचाला वेढतात, आतील द्रव उकळू लागतो व बाष्पाचा दाब वाढतो. हे बाष्प ज्या वेगाने निर्माण होते त्याच वेगाने ते बाहेर गेले पाहिजे.

गणनेसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची पद्धत भारतातही रूढ आहे. आतून द्रवाने भिजलेले व जमिनीपासून ७·६ मी. उंचीपर्यंतचे पृष्ठच यात धरतात. त्याचे चौरस मीटरमधील क्षेत्रफळ ०·८२ या घाताला चढवून ४३·२ ने गुणले, की कवचात शिरणारी उष्णता किलोवॉटमध्ये मिळते. पात्र जितके मोठे तितके ते संपूर्णपणे ज्वालांनी वेढले जाण्याचा संभव कमी, म्हणून घात १ पेक्षा लहान आहे. या उष्णतेला द्रवाच्या सुप्त उष्णतेने भागले असता बाष्पाचा प्रवाह मिळतो.

उदा., १ मी. व्यासाच्या व ६ मी. लांबीच्या, द्रवाने भरलेल्या कवचाचे क्षेत्रफळ दोन्ही टोकांसह सु. २० चौ. मी. भरते. त्यात सु. ५०४ किलोवॉट उष्णता शिरते. सुप्त उष्णता दर किग्रॅ.ला ३०० किलोजूल असल्यास तासाला सु. ६,००० किग्रॅ. बाष्प सोडावे लागते. मात्र ४३·२ हा गुणक सांडलेला द्रव उताराने दूर वाहून जाईल व अग्निशामक व्यवस्था तत्पर असेल, असे गृहीत धरतो. तसे नसल्यास ७०·९ हा गुणक घेतात व तोच प्रवाह सु. ९,९०० किग्रॅ. होतो. कागदावर उताराची असलेली आणि प्रत्यक्षात पावसाळ्यात गाळाने बुजलेली गटारे गणनेचा पायाच काढून घेतात. आगीत व पाण्याच्या फवाऱ्यात टिकणारे निरोधक आवरण असेल, तरच उष्णतेत सूट घेता येते.

प्रवाहावरून झडपेच्या रंध्राचे क्षेत्रफळ काढून त्याहून मोठे असे लगतचे प्रमाणित माप निवडतात. आगीच्या प्रसंगी दाब अभिकल्पित कमाल दाबाच्या २१ टक्के वर जाऊ देतात. एरवी एका झडपेसाठी ही मर्यादा साधारणतः १० टक्के असते. विनिमयक व ऊर्ध्वपातन स्तंभ यांच्यामध्ये बंद करता येणारी झडप नसेल, तर दोहोंचे क्षेत्रफळ एकत्र धरून स्तंभावरील विमोचक झडपेने काम भागते. मधली झडप दुरुस्तीसाठी बंद केली व आत द्रव राहिला, तर मात्र विनिमयक एकाकी पडतो. अशा कोंडलेल्या द्रवाचा दाब नुसत्या उन्हानेही धोकादायक पातळीला जातो. त्यासाठी लहानशी झडप पुरते. फुटलेल्या नळीतून उच्च दाबाचा द्रायू कवचात शिरण्याचा प्रसंग वेगळा तपासतात.

दाब-विमोचक झडप दाब आवरते, धातूला थंड करीत नाही. द्रव उकळत असेतो भिंतीची उष्णता तो शोषून घेतो. वरचा कोरडा भाग मात्र झपाट्याने तापतो. सु. ६००° से. तापमानाला साध्या पोलादाचे बल निम्म्यावर येते आणि मर्यादेतील दाबानेही भिंत फाटते. फ्रान्समधील फेझँ येथे ४ जानेवारी १९६६ रोजी प्रोपेनच्या गोलाकार टाकीवरील झडप उघडूनही टाकी फुटली व १८ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून केवळ वायू असलेल्या वा लवकर कोरड्या पडणाऱ्या कवचासाठी पाण्याचे फवारे, अग्निरोधक आवरण व दूरवरून दाब उतरविण्याची सोय करतात.