ब्रॉयलरच्या आईचा शिधा

सहा आठवड्यांत बाजारात येणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीबद्दल आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे, तिच्या आईबद्दल जवळपास काहीच नाही. हॅचरीला अंडी पुरवणारी ही ‘पेरेंट’ कोंबडी अंगाने ब्रॉयलरच असते. पण तिला साठ-पासष्ट आठवडे जगवायचं असतं आणि तेवढ्यात तिच्याकडून सव्वाशे ते दीडशे पिल्लं मिळवायची असतात. तिचा वंश मात्र झटपट मांस धरण्यासाठीच घडवलेला आहे. 1948 साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये ‘उद्याची कोंबडी’ स्पर्धेची अंतिम फेरी झाली, कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा संकर जिंकला आणि पैदाशीची दिशा पक्की झाली. पुढे मजल कुठवर गेली, ते अल्बर्टा विद्यापीठाच्या 2014 च्या अभ्यासात दिसतं. 1957 सालचा जतन केलेला वंश 56 दिवसांत 905 ग्रॅमचा झाला, 1978 चा 1808 ग्रॅमचा आणि 2005 चा 4202 ग्रॅमचा. तिघांनाही खाद्य एकच होतं. कोंबडी फुगते ती हार्मोनच्या इंजेक्शनांनी, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे आकडे सांगतात की वाढ रक्तात आहे, आणि वाढीबरोबर येणारी भूकही.

ही भूक पोटभर भागवली तर काय होतं? कोंबडी वयात येण्याआधीच जड होते. पाय वाकतात, पोटात पाणी साठतं, हृदय अचानक थांबतं, यकृतावर चरबी चढते आणि मरतूक वाढते. ज्या तगतात त्यांच्या अंडाशयात एकाच वेळी अनेक बलक पिकू लागतात. दुहेरी बलकाची, कच्च्या कवचाची, उबवायला निरुपयोगी अंडी येतात. म्हणून वाढीच्या वयात पेरेंट मादीला, तिने मनसोक्त जेवढं खाल्लं असतं त्याच्या साधारण पाव ते निम्मंच खाद्य मिळतं. विसाव्या आठवड्याला तिचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास ठेवायचं असतं. तिचंच पिल्लू तेवढं वजन पाच-सहा आठवड्यांत गाठतं.

या धंद्यातलं खरं कसब इथे आहे आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. शिधा तोकडा असला की तो सगळ्यांना एकाच वेळी मिळावा लागतो, नाहीतर दांडग्या कोंबड्या फस्त करतात आणि बुजऱ्या मागे पडतात. त्यासाठी शेडभर फिरणारा चेन फीडर तीन-चार मिनिटांत पूर्ण फेरी मारेल, असा बसवतात आणि प्रत्येक मादीला जवळपास 15 सेंटिमीटर जागा ठेवतात. मादीच्या फीडरवरची जाळी इतकी अरुंद असते की नराचं रुंद डोकं आत शिरत नाही. नराची भांडी उंच टांगलेली असतात, मादीची मान तिथवर पोचत नाही. आणि या सगळ्याचा न्यायनिवाडा होतो आठवड्याच्या वजनात. कामगार शेडच्या एका भागात चौकट लावून काही पक्षी कोंडतो आणि चौकटीत आलेला प्रत्येक पक्षी काट्यावर टांगतो. हाताला लागेल तो धष्टपुष्ट पक्षी उचलला किंवा एखादा किरटा वगळला, तर सरासरी खोटी निघते आणि पुढच्या आठवड्याचा शिधा हजारो पक्ष्यांना चुकीचा जातो. सरासरीच्या दहा टक्के वर-खाली किती पक्षी बसतात, ही ‘युनिफॉर्मिटी’. ती ऐंशी टक्क्यांच्या घरात असेल तर कळप एकदम अंड्यावर येतो. घसरली तर हलके पक्षी वेगळे काढून त्यांचा शिधा वेगळा करावा लागतो.

आरोग्याची बाकी बाजू तुलनेने सरळ आहे: मरेक, रानीखेत, गंबोरो, देवी यांच्या लसी, आणि अंड्यावर येण्याआधी असा डोस की प्रतिकारशक्ती बलकातून पिल्लापर्यंत पोचावी. पण इथेही भूक आडवी येते. उपाशी कोंबडी पाण्यावर तुटून पडते, तूस ओलं होतं, तळपायांना जखमा होतात. मग पाण्याचीही वेळ ठरवून द्यावी लागते.

तिला असं अर्धपोटी ठेवण्यावर धंद्यातल्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं: कमी खाऊ घालतो म्हणूनच ती जगते. हे खरं आहे. पण जगते म्हणजे सुखात आहे, असं होत नाही. स्कॉटलंडमध्ये जॉन सॅव्हरी आणि सहकाऱ्यांनी भूक मोजण्याचे प्रयोग केले. एरवी पोटभर खाणाऱ्या कोंबड्यांना 72 तास उपाशी ठेवलं, तरी त्यांच्यापेक्षा या रोज मोजून खाणाऱ्या कोंबड्यांची खाण्यासाठीची धडपड कितीतरी जास्त निघाली. रिकाम्या भांड्यावर चोची मारत राहणं, येरझाऱ्या घालणं ही त्याचीच लक्षणं. या भुकेवर एक उपाय कोंडा-तूस मिसळून खाद्य पातळ करण्याचा. त्याने गळ्याखालची अन्नपिशवी भरते, खाण्याचा वेळ वाढतो. शरीराची मागणी मात्र तशीच राहते. काही ठिकाणी एक दिवसाआड दुप्पट खाद्य देतात, म्हणजे बुजऱ्यांनाही वाटा मिळतो. ब्रिटनमध्ये तसं चालत नाही, रोज खायला घालावंच लागतं. पण तिथेही रोजच्या तोकड्या शिध्याविरुद्ध एका प्राणिकल्याण संस्थेने लावलेला दावा 2004 साली अपील न्यायालयात टिकला नाही.

त्यामुळे हा प्रश्न फीडरने सुटणारा नाही, असं माझं मत आहे. पुण्याच्या व्यंकटेश्वर हॅचरीजने ‘व्हेनकॉब’ घराघरात नेला, तरी आपल्या ब्रॉयलरचं मूळ बहुतांशी परदेशी वंशांतच आहे आणि फार्मवरच्या माणसाला त्या निवडीत आवाज नाही. मार्ग अस्तित्वात आहेत. फ्रान्समध्ये मादीत बुटकेपणाचा जनुक आणून आई लहान ठेवली गेली. तिला खाद्य मुळातच कमी लागतं, आणि मोठ्या नरापासून झालेलं पिल्लू वजनात थोडंच मागे राहतं. तिथल्याच ‘लाबेल रूज’ कोंबड्या 81 दिवसांआधी कापता येत नाहीत, म्हणून सावकाश वाढणारा वंशच वापरावा लागतो. आपल्याकडे हैदराबादची वनराजा, बंगळुरूची गिरिराजा परसात वर्षभर टिकतात. यावर आक्षेप किमतीचा, आणि तो हलका नाही: सावकाश वाढणारी कोंबडी जास्त खाद्य खाते, जास्त दिवस शेड अडवते, किलोमागे महाग पडते, आणि ते ओझं स्वस्त प्रथिनांवर अवलंबून असलेल्या घरावर येतं. पण बुटक्या आईच्या बाबतीत हे गणित बरंच मवाळ होतं, कारण खर्च आईच्या खाद्यात वाचतो. सुरुवात तिथून करायला हवी, आणि ती मागणी पिल्लं विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीच पैदासकारांकडे लावून धरायला हवी.