फाइलवरचा धर्म आणि सिस्टरचा प्रश्न

रमजान जवळ आला की आमच्या घरात एक जुनी कुरबुर सुरू होते. अम्मीला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रोजा सोडायचा म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. चार वर्षांपूर्वी दहाव्या रोज्याला दुपारी ती स्वयंपाकघरातच कोसळली. साखर ५२ वर आली होती. ज्या दवाखान्यात नेलं तिथे सलाइन लावता लावता कोणीतरी म्हणालं, "तुमच्या लोकांना किती सांगायचं!" अम्मी काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने रोजे ठेवलेच, फक्त डॉक्टरांना सांगणं बंद केलं. गोळी पहाटे सहेरीच्या जेवणाबरोबर, नेहमीच्याच मात्रेत, चालू राहिली. रोज्यापेक्षा मला या गप्प बसण्याची भीती जास्त वाटत होती.

खरं तर आजाऱ्याला आणि प्रवाशाला कुरआननेच सवलत दिली आहे. बरं वाटल्यावर रोजे भरून काढावेत. तेही जमणार नसेल तर दर रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावं, त्याला फिदिया म्हणतात. हे अम्मीला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण सगळा मोहल्ला रोज्यात असताना आपण एकटीने पाणी प्यायचं, हे तिला सोसत नाही. आणि तिच्यासारख्या कितीतरी आहेत. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांवर मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली. टाइप टूच्या रुग्णांपैकी जवळपास ७९ टक्क्यांनी निदान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. रमजानात या रुग्णांची साखर गंभीररीत्या उतरण्याचं प्रमाण एरवीच्या साडेसात पट झालं होतं.

रुग्णाचे रीतिरिवाज समजून घेणं हा शुश्रूषेचाच भाग आहे, असं मॅडलिन लाइनिंगर या अमेरिकी परिचारिकेने गेल्या शतकाच्या मध्यापासून मांडलं. त्यासाठी त्या मानववंशशास्त्र शिकल्या, न्यू गिनीतल्या गावांत जाऊन राहिल्या. पुढे जोसेफा कँपिन्हा-बकोटे यांनी जाणीव, ज्ञान, कौशल्य आणि प्रत्यक्ष भेट यांच्या जोडीला पाचवी गोष्ट सांगितली, ती म्हणजे इच्छा. मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कारण नुसतं ज्ञान फसवतं. "मुस्लिम म्हणजे रोजा" असं पाठ केलेल्या सिस्टरला रोजा न ठेवणारा मुसलमान कळणार नाही, आणि पंचवटीतली निर्जळी एकादशी करणारी आजी किंवा पर्युषणातले जैन काका तर नजरेतूनच सुटतील. फाइलवर धर्माचा रकाना असतो. आज पोटात काय आहे, हे विचारावंच लागतं.

राज्यभरातल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पदवी देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. हा प्रश्न कसा विचारायचा, हे शिकवायला याहून जवळची जागा कुठली?

आम्हाला असं विचारणारी एक सिस्टर गेल्या वर्षी भेटली. रजब महिना चालू होता, रमजानला सात आठवडे होते. मधुमेहाच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही तपासणी सहा ते आठ आठवडे आधी करा असंच आहे. तिने "रोजे ठेवता का?" असं विचारलंच नाही. "अम्मा, सहेरीला काय खाता? गोळी तेव्हा घेता की इफ्तारला? माझी आई पण चातुर्मासात ऐकत नाही बघा," एवढंच म्हणाली. अम्मीने दोन वर्षांचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी गोळीची मात्रा आणि वेळ बदलली. सिस्टरने मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं: साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा लगेच सोडायचा. बोटातून रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही सांगितलं. अम्मीने ते मशिदीतल्या मौलानांकडून पक्कं करून घेतलं, मगच सुई टोचू दिली.

सतराव्या रोज्याला दुपारी तीन वाजता आकडा आला ६६. अम्मीने कागदाकडे पाहिलं, ग्लुकोजचं पाणी प्यायली आणि बराच वेळ रडली. मग मला म्हणाली, सिस्टरला फोन लाव.