प्रकल्प मिळतो कोणाला? संशोधन अनुदानाविषयीचे सात गैरसमज

महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये संशोधन प्रकल्पाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘ते आपल्यासाठी नसतं’ आणि ‘ओळख असल्याशिवाय मिळत नाही’. या दोन वाक्यांपायी महाराष्ट्रातल्या कितीतरी चांगल्या प्रश्नांचा अभ्यास सुरू होण्याआधीच बारगळतो. देशाचा संशोधनावरचा खर्च मुळातच तोकडा आहे. २०२०-२१ मध्ये तो सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. पण जो पैसा उपलब्ध आहे, तो कुठे आहे आणि कसा मागायचा, याची नेमकी माहितीही तालुक्याच्या गावातल्या प्राध्यापकापर्यंत पोहोचत नाही. तिची जागा ऐकीव गोष्टी घेतात. त्यातल्या नेहमीच्या सात गोष्टी तपासून पाहू.

गैरसमज १ : अनुदान फक्त आयआयटी आणि आयसरसाठी असतं

या तक्रारीत तथ्य नाही असं नाही. मोठ्या संस्थांकडे यंत्रं आहेत, प्रकल्पांचा हिशेब ठेवणारा स्वतंत्र कर्मचारीवर्ग आहे, अनुभवी सहकारी आहेत. साहजिकच त्यांचे अर्ज जास्त जातात आणि जास्त मंजूर होतात. पण दार बंद आहे, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या मूलभूत संशोधनाला पैसा देणारी ‘सर्ब’ ही संस्था आता ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’मध्ये, म्हणजे ‘एएनआरएफ’मध्ये विलीन झाली आहे. एएनआरएफचा कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपयांचा आराखडा आहे. त्यातले १४,००० कोटी सरकार देणार असून उरलेले उद्योग, देणगीदार आणि इतर स्रोतांतून उभे राहणं अपेक्षित आहे. विद्यापीठं आणि महाविद्यालयांत संशोधन रुजवणं हे या संस्थेचं जाहीर उद्दिष्ट आहे. ‘पेअर’ योजनेत एक अग्रगण्य संस्था केंद्रस्थानी असते आणि तिला जोडलेल्या विद्यापीठांना तिच्या बरोबरीने निधी मिळतो.

सर्बच्या काळात सुरू झालेली ‘टेअर’ योजना तर राज्य विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठीच आखली होती. नोकरी न सोडता जवळच्या आयआयटीत किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत वर्षातले काही महिने काम करायचं. तीन वर्षांसाठी दरसाल पाच लाख रुपये संशोधन अनुदान आणि साठ हजार रुपये फेलोशिप. विशेष म्हणजे अनुदानाचा निम्मा वाटा शिक्षकाच्या मूळ महाविद्यालयाला मिळत असे. त्यामुळे एखादं छोटं यंत्र, रसायनं, पुस्तकं स्वतःच्या विभागातही येऊ शकत होती. अशा योजनांची नावं आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी चालू वर्षाचा ‘कॉल’, म्हणजे अर्ज मागवणारी सूचना, वाचणं भाग आहे.

राज्यातही सोय आहे. २००४ मध्ये स्थापन झालेला राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना अर्थसाहाय्य देतो. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातलं विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र याच आयोगाच्या पाठबळावर उभं राहिलं. मुंबई विद्यापीठासारखी विद्यापीठं संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांना लघुसंशोधन अनुदानही देत आली आहेत. रक्कम लहान असते, पण पहिलं काम करून दाखवायला ती पुरते.

गैरसमज २ : एक लाख कोटींचा निधी आला, आता सगळ्यांना मिळेल

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. मथळे मोठे होते, त्यामुळे अनेकांनी हा पैसा महाविद्यालयांकडे वळणार असं गृहीत धरलं. प्रत्यक्षात ही योजना प्रामुख्याने खासगी क्षेत्रासाठी आहे. त्यातून कंपन्यांना दीर्घ मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं भांडवल मिळायचं आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं तंत्रज्ञान बाजारापर्यंत नेणं हा तिचा उद्देश. वनस्पतिशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाने तिची वाट पाहण्यात अर्थ नाही.

याउलट उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीची वाट फार जणांना ठाऊकच नसते. २०१९ पासून कंपन्यांना हा निधी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठांना आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना संशोधनासाठी देता येतो. पाणी, शेती, आरोग्य अशा शाश्वत विकासाच्या विषयांवर काम करणाऱ्या विभागाने आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्याशी बोलून पाहायला काहीच हरकत नाही.

गैरसमज ३ : फेलोशिप आणि प्रकल्प अनुदान एकच

फेलोशिप व्यक्तीला मिळते, तिच्या उपजीविकेसाठी. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला म्हणजे जेआरएफला महिन्याला ३७,००० आणि वरिष्ठ संशोधकाला ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटातल्या पीएचडी विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात.

प्रकल्प अनुदान मिळतं ते एका प्रश्नाला. ‘हा प्रश्न, ही पद्धत, एवढी मुदत, एवढा खर्च’ असं लिहून दिलेल्या कामासाठी. प्रमुख संशोधक बहुधा संस्थेत कायम नेमणुकीवर असलेला शिक्षक असतो. पीएचडी करणारी मुलगी स्वतःच्या नावाने प्रकल्प मागायला गेली, तर तिचा अर्ज पात्रतेच्या पहिल्याच चाळणीत गळतो आणि ‘आपलं काम कमी पडलं’ असा चुकीचा समज घेऊन ती परतते. नोकरीत खंड पडलेल्या महिलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाइज-किरण’सारख्या योजना मात्र वेगळ्या आहेत. त्यांच्या पात्रतेच्या अटी अशा महिलांना डोळ्यांसमोर ठेवूनच घातलेल्या आहेत.

गैरसमज ४ : पैसा संशोधकाच्या हातात येतो

अनुदान संस्थेच्या नावे मंजूर होतं. घेतलेलं यंत्र संस्थेच्या मालमत्ता नोंदवहीत चढतं. मनुष्यबळ, उपकरणं, रसायनं व किरकोळ साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च अशी शीर्षं ठरलेली असतात आणि एका शीर्षातला पैसा मनाला येईल तसा दुसरीकडे वळवता येत नाही. संस्थेच्या वीज-पाणी-कार्यालयीन खर्चासाठीचा ओव्हरहेडही संशोधकाचा नसतो. वर्षाअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘यूसी’, आणि खर्चाचं विवरण वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो. चांगले चाललेले प्रकल्प रखडतात ते अनेकदा इथे.

खरेदीचे नियम जाचक आहेत, ही तक्रार मात्र खरी होती आणि तिची काही प्रमाणात दखल घेतली गेली. जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या वैज्ञानिक संस्थांसाठी आणि त्यांच्या अखत्यारीतल्या विद्यापीठांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर आणि खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची मर्यादा १० लाखांवरून २५ लाखांवर नेली. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने विद्यापीठांना मिळणाऱ्या संशोधन अनुदानावरचा कर माफ करण्याची शिफारस केली. दिल्ली आयआयटीला अनुदानांवरच्या करापोटी १२० कोटींची नोटीस गेल्यानंतर हा विषय ऐरणीवर आला होता. आपल्या विद्यापीठाला कोणते नियम लागू आहेत, हे लेखा विभागाला अर्जाआधीच विचारलेलं बरं.

गैरसमज ५ : विषय भव्य आणि भाषा जड हवी

समजा, एका प्राध्यापिकेला कोकणातल्या सड्यांवर काम करायचं आहे. जांभ्या दगडाची ही पठारं उन्हाळ्यात ओसाड दिसतात आणि पावसाळ्यात फुलांनी भरून जातात. काही ठिकाणी आंबा-काजूच्या बागांसाठी ती फोडून सपाट केली जात आहेत. अर्जाचं पहिलं शीर्षक असं : ‘कोकणातील सड्यांच्या जैवविविधतेचा सर्वंकष अभ्यास’. परीक्षकाला यातून काहीच कळत नाही. कोकण केवढं, कोणते सडे, जैवविविधता म्हणजे झाडं की बेडूक की कीटक?

आता दुसरं शीर्षक : ‘रत्नागिरी तालुक्यातील बागांसाठी सपाट केलेल्या व मूळ अवस्थेतील सड्यांवर पावसाळी वनस्पती प्रजातींच्या संख्येतील फरक’. लगेच पुढचं सगळं लिहिता येतं. किती सडे, प्रत्येकावर एक मीटर बाय एक मीटरच्या किती चौकटी, जून ते ऑक्टोबर दर किती दिवसांनी मोजणी. खर्चही आपोआप उलगडतो : भर पावसात सड्यावर जायला भाड्याची जीप, मोजणीसाठी एक प्रकल्प सहायक, नमुने वाळवून जपण्याचं साहित्य. शिवाय जागेच्या मालकाची आणि गरज असेल तिथे वनविभागाची परवानगी कोण, कधी घेणार, हेही. परीक्षकाला नेमकं हेच पाहायचं असतं, की या माणसाने हे काम डोळ्यांसमोर आणून पाहिलं आहे का.

याच ओघात आणखी एक भ्रम दूर व्हायला हवा, की कमी पैसे मागितले तर लवकर मिळतात. दोन वर्षांच्या क्षेत्रकामाला प्रवासखर्च वीस हजार दाखवला, तर परीक्षकाला त्यात काटकसर दिसत नाही, अननुभव दिसतो. प्रत्येक रकमेमागे कारण आणि शक्य तिथे विक्रेत्याचं कोटेशन जोडलेलं असावं. मग आकडा लहान असो वा मोठा, तो टिकतो.

गैरसमज ६ : भाषा, इतिहास, समाजशास्त्राला कोण पैसे देतं?

सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, लघु आणि बृहत् प्रकल्पांना अनुदान देते. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आहे. इतिहास आणि तत्त्वज्ञानासाठी अशाच स्वतंत्र परिषदा आहेत. मुंबईची होमी भाभा फेलोशिप्स कौन्सिल १९६० च्या दशकापासून विज्ञानाबरोबर कला आणि मानव्यविद्यांनाही पाठबळ देत आली आहे.

सगळं इंग्रजीतच लिहावं लागतं, हेही सरसकट खरं नाही. बंगळुरूची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ १९९५ पासून कलाविषयक संशोधनाला अनुदान देते आणि कोणत्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव स्वीकारते. दशावतारावर, तमाशाच्या फडांवर किंवा जुन्या छापखान्यांवर काम करणाऱ्याला तिथे मराठीत लिहिता येतं.

गैरसमज ७ : एकदा नाकारलं म्हणजे विषय संपला

हा सर्वांत घातक गैरसमज आहे आणि त्याबद्दल ठोस पुरावा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे पूर्वी आलेले २५ प्रस्ताव ४३ परीक्षकांना दिले. एकाच प्रस्तावाबद्दल वेगवेगळ्या परीक्षकांच्या गुणांत जवळपास काहीच मेळ नव्हता. सगळे प्रस्ताव दर्जेदार असले की निवडीत योगायोगाचा वाटा मोठा असतो, असा याचा अर्थ. ‘ओळखच नव्हती म्हणून गेलं’ या निदानाआधी ही शक्यता ध्यानात घ्यायला हवी.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांचा एक अभ्यास आला. अनुदानाच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्यांची गुणवत्ता जवळपास सारखीच होती. तरी पुढच्या आठ वर्षांत वरच्यांना दुपटीहून अधिक निधी मिळाला. त्यामागचं एक कारण असं, की खालच्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या तशाच काठावरच्या अर्जदारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थोडक्यात हुकलेल्यांपैकी काही जण संशोधनातून बाहेर पडले. जे टिकले, त्यांचं पुढचं काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस ठरलं.

म्हणून नकाराचं पत्र फाइलमध्ये पुरून टाकू नये. परीक्षकांचे शेरे मिळत असतील तर मागवून घ्यावेत आणि त्यांची दोन भागांत विभागणी करावी. ‘पद्धत स्पष्ट नाही’, ‘प्राथमिक माहिती नाही’ हे शेरे दुरुस्त होणारे. ‘हा विषय या योजनेत बसत नाही’ हा शेरा दुसऱ्या संस्थेचा रस्ता दाखवणारा. प्राथमिक माहिती नसेल तर विद्यापीठाच्या लघु अनुदानातून एक पावसाळा सड्यावर मोजणी करता येते. ती आकडेवारी हाताशी ठेवून पुढच्या कॉलच्या निदान महिनाभर आधी प्रस्ताव तयार करावा. कारण प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची सही, नैतिकता समितीचं पत्र आणि सहसंशोधकाची संमती यांपैकी एकही कागद शेवटच्या रात्री मिळत नाही.