पत्ता सांगणाऱ्याचं कमिशन

2011 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या काही इंटरनेट कंपन्यांचा ग्राहक ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या शोधपेटीत 'ॲपल' एवढंच टाइप करी. शोधयंत्र म्हणून त्याने बिंग किंवा याहू निवडलेलं असे. समोर निकालांची यादी यायला हवी, पण यायचं थेट ॲपलचं ऑनलाइन दुकान. बहुतेकांना त्यात वावगं वाटलं नाही. उलट एक पायरी वाचली! प्रत्यक्षात तो शोध वाटेतच अडवलेला असे. इंटरनेट कंपनीने तो पॅक्सफायर नावाच्या कंपनीच्या यंत्रणेकडे वळवलेला असे, आणि तिथून जाहिरात-कमिशनच्या साखळीतून ग्राहकाला दुकानाच्या दारात सोडलं जाई. खरेदी झाली की गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल दलाली मिळणार. गिऱ्हाईक तर आपल्या पायांनी चाललं होतं.

इंटरनेटवरच्या गैरप्रकारांत याहून मोठे, याहून क्रूर प्रकार पुष्कळ आहेत. तरी मला इतकी वर्षं धरून ठेवलंय ते याच प्रकरणाने. कारण इथे कुणी कुणाचं कुलूप फोडलं नाही. विचारलेल्या पत्त्याचं खोटं उत्तर दिलं, बस.

हे पत्ता विचारणं म्हणजे डीएनएस. आपण टाइप करतो ते नाव, आणि यंत्रांना लागतो आकड्यांचा पत्ता. प्रत्येक वेळी आपला संगणक किंवा फोन आधी एका सर्व्हरला विचारतो, "हे नाव कुठे राहतं?" अनोळखी पेठेत आपण कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला वाडा विचारतो, तसंच. तो सांगेल त्या बोळात आपण निमूट शिरतो, कारण आपण कुठेही गेलो तरी त्याला त्यातून काही मिळायचं नसतं. हा विश्वास डीएनएसच्या जन्मापासूनचा आहे, नव्हे, त्याच्याही आधीचा.

इथे मला एलिझाबेथ फाइनलरबाईंबद्दल लिहायलाच हवं. सत्तरच्या दशकात, इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर, सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच साध्या फाइलमध्ये असत. ती फाइल सांभाळायचा कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधला फाइनलरबाईंचा गट. नवं यंत्र जोडायचं असेल तर तिथे कळवायचं, मग नाव फाइलमध्ये चढायचं आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. त्या काळच्या कागदपत्रांची शेकडो खोकी बाईंनी जपली आणि पुढे माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमला दिली. पुतण्याकडे कॅलिफोर्नियात गेलो असताना त्या संग्रहालयात मी दुपारभर रमलो. घरच्यांना गोल्डन गेटचा पूल बघायचा होता. पूल नंतरही बघता येतो.

यंत्रं वाढली तशी एक फाइल पुरेना. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. कामाची वाटणी अशी सुरेख केली की चाळीस वर्षांनंतरही जग त्यावर चालतंय. मात्र प्रश्न उघडा जायचा, उत्तर उघडं यायचं, आणि उत्तर खरं कशावरून, हे तपासायची सोयच नव्हती. सगळे एकमेकांना ओळखत होते तेव्हा ती लागलीही नसती. पुढे ही विचारपूस आपसूक इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ लागली. जोडणी घेतली की तोच ठरलेला, वेगळं काही आपण निवडलं तरच बदलणार. म्हणजे पत्ता सांगणारा आणि रस्त्याचा मालक एकच झाला.

त्यातून पैसा काढता येतो हे आधी लक्षात आलं चुकलेल्या नावांवरून. 15 सप्टेंबर 2003 रोजी डॉट कॉम आणि डॉट नेटचा कारभार पाहणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने साइट फाइंडर सुरू केलं. अस्तित्वात नसलेलं नाव विचारलं की "असं कुणी नाही" हे उत्तर यायला हवं, त्याऐवजी कंपनीचं स्वतःचं पान येऊ लागलं. एका रात्रीत डॉट कॉममधलं प्रत्येक संभाव्य नाव जणू अस्तित्वात आलं. पाठवणाऱ्याचं नाव खरंच आहे का, हे पाहून स्पॅम रोखणाऱ्या यंत्रणा गोंधळल्या. जगभरच्या नेटवर्क चालवणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅनने ताकीद दिली आणि 4 ऑक्टोबरला ते बंद झालं. "नाही" हे उत्तरही मौल्यवान असतं, हे मला या प्रकरणाने शिकवलं. इंटरनेट कंपन्यांनी मात्र नेमकी हीच युक्ती आपापल्या ग्राहकांवर चालवली. आमच्याकडेही एका पुरवठादाराच्या जोडणीवर पत्ता टाइप करताना अक्षर चुकलं की जाहिरातींचं पान उघडायचं. नातेवाइकांकडे गेलो की तिथल्या वायफायवर भलतंसलतं नाव विचारून पाहायची सवय मला तेव्हापासून लागली.

पॅक्सफायर प्रकरणात पाऊल पुढे पडलं ते असं, की बरोबर टाइप केलेली नावंही सुटली नाहीत. ते पकडलं बर्कलीच्या इंटरनॅशनल कॉम्प्युटर सायन्स इन्स्टिट्यूटमधल्या निकोलस वीव्हर, ख्रिश्चन क्राइबिख आणि व्हर्न पॅक्सन यांनी. त्यांनी नेटॅलायझर नावाचं छोटं साधन 2009 पासून लोकांसाठी खुलं ठेवलं होतं. कुणीही बटण दाबायचं, मग ते आपल्या जोडणीच्या नाना तपासण्या करी. त्यात ठरावीक प्रसिद्ध नावांचे पत्ते विचारलेले असत. अहवालांत दिसलं, की काही कंपन्यांच्या ग्राहकांना बिंग आणि याहूच्या शोधाचे म्हणून मिळणारे पत्ते बिंग-याहूचे नाहीतच. गूगलची वाहतूकही काही काळ अशी वळवली गेली होती. मग त्यांनी त्या मधल्या सर्व्हरांतून मुद्दाम निरनिराळे शब्द पाठवून पाहिले. बहुतेक शोध मुकाट खऱ्या शोधयंत्राकडे जात. दीडशेहून अधिक शब्द मात्र, बहुतेक ब्रँडची नावं, कमिशनच्या साखळीत शिरत. तेही शोध ब्राउझरच्या पेटीतून केला तरच! शोधयंत्राच्या पानावर जाऊन तोच शब्द टाकला तर काहीच घडत नसे. असा सापळा एकट्या ग्राहकाला कधीच दिसला नसता. हजारो अनोळखी माणसांनी बटण दाबलं म्हणून तो दिसला.

2011 च्या ऑगस्टमध्ये हे उघड झालं. न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल झाला. पॅक्सफायरने आरोप नाकारले, उलट दावाही लावला. शोध वळवणं मात्र थांबलं. माझा आक्षेप पैशापेक्षा वेगळा आहे. दीडशे शब्द वेचायचे तर सगळेच शब्द हातातून जाऊ द्यावे लागतात. रात्री दोन वाजता कुणी आजाराचं नाव शोधतं, कुणी वकील शोधतं. तेही त्याच मधल्या यंत्रणेतून जात होतं.

बाकीचा इतिहास थोडक्यात: ब्रिटनमध्ये फॉर्म कंपनीच्या मदतीने बीटी या दूरसंचार कंपनीने 2006 आणि 2007 मध्ये ग्राहकांना न सांगता त्यांचा वावर टिपण्याच्या चाचण्या केल्या. अमेरिकेत व्हेरायझनने मोबाइल ग्राहकांच्या वाहतुकीत ओळखखूण घुसवली, त्याबद्दल 2016 मध्ये साडेतेरा लाख डॉलरचा दंड झाला. भारतात 2015 मध्ये एअरटेलच्या थ्रीजीवर पानांत परकी स्क्रिप्ट घातली जाते, हे बंगळुरूच्या एका प्रोग्रामरने दाखवलं, तर त्यालाच कायदेशीर नोटीस आली. 2017 मध्ये अमेरिकी काँग्रेसने इंटरनेट कंपन्यांवरचे गोपनीयतेचे नवे नियम रद्द केले. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला.

नियमांनी थोडं साधलं. माझ्या मते खरं काम केलं कूटलेखनाने, आणि त्यात मला पीटर एकर्सली यांचं नाव घ्यायचंय. मेलबर्नचा हा माणूस इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेत होता. बर्कलीच्या तिघांबरोबर पॅक्सफायरची गोष्ट लोकांपुढे त्यानेच आणली. तेव्हा बिंग आणि याहूचा शोध कूटलेखन नसलेल्या साध्या एचटीटीपीवर चाले, म्हणून मध्ये कुणालाही उभं राहता येई. कूटलेखन असलेलं एचटीटीपीएस असेल तर पत्ता खोटा मिळाला तरी पुढे त्या सर्व्हरला आपण बिंग असल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसलं की ब्राउझर थांबतो. पण प्रमाणपत्रांना पैसे पडत, खटपटही फार. एकर्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लेट्स एन्क्रिप्ट उभारलं, डिसेंबर 2015 मध्ये ते सर्वांना खुलं झालं. प्रमाणपत्रं फुकट आणि आपोआप. आज कोट्यवधी संकेतस्थळं त्यावर आहेत. एकर्सली 2022 मध्ये गेला, अवघ्या 43 व्या वर्षी. त्याच्या कामाचा उपयोग रोज करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलं असेल?

एचटीटीपीएसमुळे आपण काय शोधलं हे झाकलं जातं. कुठल्या संकेतस्थळावर गेलो, ते मात्र डीएनएसच्या उघड्या प्रश्नातून कळत राहतं. त्यावर 2018 मध्ये डीएनएसचे प्रश्न एचटीटीपीएसमधून पाठवायचं प्रमाण मंजूर झालं. यात एक गोम आहे: विचारपूस इंटरनेट कंपनीकडून उठून गूगल किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या मोजक्या बड्यांकडे जाते. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीला मी माझे सगळे प्रश्न देणार नाही, म्हणून मी क्वाड नाइन ही ना-नफा सेवा वापरतो. शिवाय जोडणीच्या पहिल्या संदेशात संकेतस्थळाचं नाव अजूनही बहुधा उघडंच जातं. तेही झाकायची पद्धत हळूहळू ब्राउझरांत येते आहे. व्हीपीएन, म्हणजे सगळी वाहतूक आपल्यामार्फत नेणारी मधली सेवा, घेतलं तर सगळा विश्वास त्या व्हीपीएनवाल्यावर टाकायचा असतो. फुकटच्या व्हीपीएनवर मी तो टाकत नाही.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या भागात 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची ओळ असते. तिथे सेवेचं नाव लिहायचं, उदाहरणार्थ डीएनएस डॉट क्वाड नाइन डॉट नेट. त्यातला 'नाइन' आकड्यात, बाकी सगळं इंग्रजी अक्षरांत. मग 'सेव्ह' दाबायचं. फायरफॉक्समध्ये ही सोय गोपनीयतेच्या पानावर 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' या नावाने आहे. फराळाच्या निमित्ताने घरी गर्दी असेल, तेव्हा थोरामोठ्यांचे फोनही हाती घ्या. काका-मावशींच्या फोनवर हे सहसा कुणी करून दिलेलं नसतं.