वाघाच्या वाटेचा खर्च

नकाशावर पट्टी ठेवा. एक टोक यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यावर, दुसरं धाराशिवच्या येडशी रामलिंगवर. रेघ नांदेडवरून जाते, लातूर जिल्हा ओलांडते आणि येडशीला पोचते. सरळ अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. डिसेंबर 2024 मध्ये येडशीच्या ट्रॅप कॅमेऱ्यात एक तरुण नर वाघ दिसला. पट्टे म्हणजे वाघाच्या अंगठ्याचा ठसा, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. जुन्या फोटोंशी ते ताडून पाहिले, तर गडी टिपेश्वरचा निघाला! वळणं-वळसे धरून जवळपास पाचशे किलोमीटर तुडवत आला होता.

आणि मधे जंगल तरी किती? लातूर तर राज्यातल्या सर्वांत कमी जंगलाच्या जिल्ह्यांत मोडतो. या मुलखात आडोसा म्हणजे डिसेंबरातली डोक्याएवढी तूर, उसाचा फड, ओढ्याकाठच्या बाभळी आणि रात्रीचा अंधार.

अशा जनावराला जपायला पैसा कुठून येतो? त्यातला बराचसा, आश्चर्य वाटेल, जंगल तुटतं तेव्हाच येतो. रस्ता, धरण किंवा खाणीसाठी वनजमीन घेणाऱ्याला त्या जंगलाचं 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये त्याचे दर मान्य केले: हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये. अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. सावली, पाणी, माती यांचं चक्क रुपयांत माप! पुढे हे दर वाढले. वर्षानुवर्षं साचलेल्या या 'कॅम्पा' म्हणजे भरपाई वनीकरण निधीतून 2019 मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला 3,844 कोटी रुपये आले. रोपवनं आणि वन्यजीवांचं रक्षण ही त्यातली कामं.

पण वाघ चालतो शेतातून, आणि तिथला पहिला खर्च शेतकऱ्याच्या दावणीतून होतो. गाय, बैल किंवा म्हैस मारली गेली तर सरकारी नियमाने बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. माझ्या मते वाघासाठी खर्च होणाऱ्या सगळ्या पैशांत हा सर्वांत मोलाचा. तो वेळेवर हातात पडला, तर रागाच्या भरात मेलेल्या गाईवर विष टाकायची पाळी कुणावर येत नाही.

म्हणून जनावर मारलं गेलंच, तर ते जागचं हलवू नका. 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. वनखात्याचा 1926 हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.